तासभर हात न लावता

आमच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. पुतणे ‘सिस्टरकाकू’ म्हणतात. आणि माझे दीर, म्हणजे त्यांचे सख्खे यजमान, तेही पेपरमधून डोकं न काढता ‘सिस्टर, चहा झाला का’ असं विचारतात. लग्नाच्या बायकोला सिस्टर म्हणणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. मी तेवढी त्यांना ताई म्हणते.

ताई हॉस्पिटलात नवजात बाळांच्या खोलीत काम करतात. अठ्ठावीस वर्षं झाली. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं तिथे असतात. ताई घरी आल्या की त्यातलं काही बोलत नाहीत. किती होती, कशी होती, कुणाचं काय झालं, ताकास तूर लागू देत नाहीत. पण सवयी घरी येतातच. कुणी झोपलं असलं की त्या जाता जाता उभ्या राहतात आणि त्याचे श्वास मोजतात, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं म्हणजे त्यांच्या मते चोरी. माझ्या सासऱ्यांना दुपारी डुलकी लागायची आणि डोळा उघडावा तर समोर ही घड्याळ धरून उभी. ते म्हणायचे, ‘सूनबाई, अजून आहे मी, जा तुम्ही.’

मी सातवीनंतर शाळा सोडलेली बाई. शास्त्रातलं मला कळत नाही, आणि कळतं असं दाखवायचीही हौस नाही. पण ताईंचं एक काम मला अगदी मुळापासून कळलं आहे, कारण ते मी माझ्या नातीच्या जिवावर शिकले. तेच इथे सांगते.

आधी ताईंची जुनी गोष्ट सांगायला हवी. ती त्यांनी घरी कधी लपवली नाही आणि हॉस्पिटलातही नाही.

त्या नव्या नोकरीला लागल्या तेव्हा अशा बाळांना द्यायला त्या हॉस्पिटलात काही नव्हतं. बाळ जन्मायचं, रडायचंसुद्धा, आणि तासाभरात कण्हायला लागायचं. नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडायचा. ताई म्हणतात, ती बाळं आजारी नव्हती, ती दमायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दमून थांबायची. ताई तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसायच्या, हे मी नवी नवरी असताना पाहिलं आहे.

मग ते औषध आलं. सर्फॅक्टंट त्याचं नाव. दिसायला पांढरं, दुधासारखं, म्हणून त्यांच्या खोलीत सगळ्या त्याला पांढरं औषधच म्हणतात. ते बाळाच्या श्वासनळीतल्या नळीतून थेट फुप्फुसात सोडायचं. पहिल्या बाळाला डॉक्टरांनी दिलं तेव्हा ताईच ड्यूटीवर होत्या. औषध गेलं, डॉक्टर हात धुवायला गेले आणि बाळाची नळी घरघरायला लागली.

आता हे समजून घ्या की नळी घरघरली म्हणजे आत चिकटा साठला, आणि चिकटा साठला की बारीक नळीने तो ओढून काढायचा. त्याला सक्शन म्हणतात. हे त्यांच्या हाताला इतकं बसलेलं होतं की नव्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी शिकवायच्या, घरघर ऐकली की हात सक्शनवर. त्यांनी तेच केलं. बाटलीत पांढरा फेस येऊन पडला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जे औषध आत राहायला हवं होतं तेच त्यांनी नीटनेटकेपणाने बाहेर काढलं होतं. दहा मिनिटंही झाली नव्हती.

कुणी बघितलं नव्हतं. बाटली धुतली असती तर संपलं असतं. ताई ती बाटली तशीच हातात घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मी काढलं. दुसरी कुपी दुसऱ्या हॉस्पिटलातून बर्फाच्या डब्यातून यायला चार तास लागले. ते चार तास ताई बाळाच्या नळीला फुगा लावून हाताने दाबत बसल्या, उठल्या नाहीत. बाळ वाचलं. ते देवाचं, माझं त्यात काही नाही, असं त्या अजून म्हणतात.

त्यानंतर त्यांनी हात धुवायच्या बेसिनवर स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला. ‘मी औषधानंतर दहाव्या मिनिटाला सक्शन केलं होतं. तुम्ही करू नका.’ खाली स्वतःचं नाव. त्यांच्या वरच्या मुख्य सिस्टर, ज्यांना सगळ्या मोठ्या मॅडम म्हणतात, त्या म्हणाल्या, नाव कशाला घालता, नुसता नियम लिहा. ताई म्हणाल्या, नियम कुणी वाचत नाही, दुसऱ्याची चूक सगळे वाचतात. आणि तेव्हापासून औषध दिलं की त्या भिंतीवरच्या सक्शनच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी आडवी लावतात आणि तिच्यावर वेळ लिहितात. त्या वेळेपासून एक तास उगाच हात लावायचा नाही. आता त्या खोलीत सगळ्याच तसं करतात.

माझ्या लेकीला सातवा पुरा व्हायचा होता. एकोणतिसावा आठवडा. दुपारी कपडे वाळत घालताना पाणी गेलं. ताईंना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, पाणी कसल्या रंगाचं आहे, आणि म्हणाल्या, झोपवून आणा, चालत आणू नका. हॉस्पिटलात लेकीला एक इंजेक्शन दिलं. ते तिच्यासाठी नव्हतं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून होतं. दुसरं चोवीस तासांनी द्यायचं होतं. बाळाने तेवढी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला नात झाली. अकराशे पन्नास ग्रॅम.

नवजात बाळांच्या खोलीला बाहेरच्या बाजूने मोठी काच आहे. आजी-आजोबांनी तिथूनच बघायचं. बापाला तेवढं अंगावर झगा घालून आत घेतात. ताईंची तेव्हा ड्यूटी होती. त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं की ही माझ्या पुतणीची मुलगी, मी तिला औषध भरणार नाही, धाकटी भरेल. धाकटी म्हणजे त्यांच्या हाताखाली आलेली नवी सिस्टर, चोविशीची असेल. घरच्या माणसाला आपला हात लावू नये, हात थरथरतो, असा तिथला रिवाज आहे. ताई नुसत्या शेजारी उभ्या राहणार होत्या.

मी काचेतून पाहिलं ते पहिलं म्हणजे तिची छाती. श्वास घ्यायची तेव्हा छाती वर यायच्या ऐवजी आत जायची. जसं कुणी आतून दोरी ओढतंय.

जावई काचेच्या दुकानात काम करतात. खिडक्यांच्या काचा कापणं, आरसे बसवणं. माणूस शांत, पण त्या दिवशी चेहरा कागदासारखा झाला होता. ताईंनी त्यांना दारात उभं करून समजावलं, आणि दार उघडं होतं म्हणून मीही ऐकलं.

“जावईबुवा, तुमच्या दुकानात दोन काचा एकमेकींवर ओल्या राहिल्या तर काय होतं?”

“चिकटतात. मग सुटत नाहीत. ओढल्या तर फुटतात.”

“मग तुम्ही काय करता?”

“कडेने थोडं साबणाचं पाणी सोडतो. मग सरकतात.”

“एवढंच आहे बघा,” ताई म्हणाल्या. “हिच्या छातीत हवेच्या लाखो बारीक पिशव्या आहेत, आणि आतून सगळ्या ओल्या. पाणी त्यांना आत ओढून मिटवतं. तुमच्या-माझ्या छातीत त्या पाण्यावर एक स्निग्ध थर पसरलेला असतो, तो त्यांना मिटू देत नाही. पोटात असताना शेवटच्या दोन महिन्यांत तो तयार होतो. ही लवकर आली, तिचा अजून पुरता झालेला नाही.”

मग त्यांनी आणखी समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, गाल दुखतात. थोडी हवा आत ठेवून पुन्हा फुंकलं तर सोपं जातं. आपण श्वास सोडतो तेव्हा पिशव्या पुऱ्या रिकाम्या होत नाहीत, तो थर त्यांना उघड्या ठेवतो, आणि पिशवी जसजशी लहान होते तसतसा तो दाटतो आणि जास्त आधार देतो. हिच्या पिशव्या मात्र प्रत्येक श्वासाला मिटत होत्या. म्हणजे तिला दर मिनिटाला सत्तर वेळा नवा कोरा फुगा फुगवायला लागत होता. कण्हत होती ती दुखतंय म्हणून नव्हे. घसा आवळून थोडी हवा आत अडवून ठेवायची तिची धडपड होती ती. कुणी शिकवलं तिला? तासाभराच्या जीवाला? मी तेव्हा मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, ते मागण्यासाठी नाही, नवल वाटलं म्हणून.

जावयांनी विचारलं, हे रोज द्यावं लागणार का. ताई म्हणाल्या नाही, एकदा, लागलंच तर दोनदा. दोन-तीन दिवसांत तिची फुप्फुसं स्वतःच करायला लागतील. आणि मग माझ्याकडे बघून, मुद्दाम, म्हणाल्या की हे औषध जनावरांच्या फुप्फुसातून काढलेलं असतं, तुला आधी सांगितलेलं बरं. मी अंडंही खात नाही हे त्यांना माहीत. माझ्या मनात काहीच आलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आलं. पण एवढंच आलं की देवाने एकच युक्ती सगळ्यांच्या छातीत घालून ठेवली आहे, तर ती कुठून आली याचा हिशेब मी कशाला मागू. मी मान हलवली.

धाकटीने फ्रिजमधली कुपी काढली आणि दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली. हलवली नाही, फेस होतो म्हणे. नुसती कलती-उलटी केली, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तशी. डॉक्टरांनी बाळाच्या श्वासनळीत नळी घातली, तिच्यातून औषध सोडलं आणि नळी व्हेंटिलेटरला, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनला, जोडली. ताईंनी बटणावर पट्टी लावली, वर लिहिलं अकरा चाळीस. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग त्यांना दुसऱ्या बाळंतपणाला बोलावलं, ते गेले.

ते गेले आणि नळी घरघरायला लागली.

मला काचेतून ऐकू येत नव्हतं, पण जावयांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मॉनिटरवरचा, तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मला दिसत होता. ताईंनी आधी सांगितलं होतं की नव्वदीच्या आसपास हवा. तो शहाऐंशी झाला, मग ब्याऐंशी. धाकटीचा हात भिंतीकडे गेला आणि पट्टीपाशी थांबला. तिने ताईंकडे पाहिलं. ताईंनी छातीला एका बाजूला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग दुसऱ्या बाजूला, वाकून छातीकडे पाहिलं, आणि सरळ उभ्या राहिल्या. हात पाठीमागे बांधून. बस.

जावयांनी मग सांगितलं की ते तिथे काय बोलले. “काकू, घरघर होतेय, तेवढं काढा ना.” ताई म्हणाल्या, छाती वर येतेय, नळी मोकळी आहे, औषधच वाजतंय ते. ते म्हणाले आकडा उतरतोय. त्या म्हणाल्या दिसतोय मला.

आकडा एकोणऐंशीवर आला तेव्हा माझा धीर सुटला. ज्या बाईने बेसिनवर स्वतःची चूक लिहून लावली, ती आता ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून माझ्या नातीला तशीच ठेवतेय असं मला वाटलं. आपलं नाव राखण्यासाठी. राग आला की माणूस काय काय जुळवतो. मी दार ढकललं. आत पाऊल टाकलं नाही, तेवढं भान होतं, पण बोलले.

“ताई, परकं असतं तर हात लावला असता ना तुम्ही?”

बोलले आणि बोलताक्षणी जीभ चावली. सत्तावीस वर्षं एका घरात राहिलो, भांडी-कपडे, सासू-सासरे, आजारपणं, सगळं एकत्र काढलं, पण असं टोचून मी त्यांना कधी बोलले नव्हते.

ताई वळल्या नाहीत. डोळे छातीवरच होते. “परकं असतं तरी नसता लावला,” त्या म्हणाल्या. “तू दार लाव, वारा येतोय तिच्यावर. आणि देवाचं नाव घेत बस, ते तुला जमतं. इथलं मला जमतं.”

मी दार लावलं. बाकावर बसायची हिंमत झाली नाही, काचेला कपाळ टेकून उभी राहिले. नाव घ्यायला गेले तर शब्द पुढे जाईना, एकाच अक्षरावर अडखळत होते. मग मी नुसते तिचे श्वास मोजायला लागले. चुकत होते, पुन्हा सुरू करत होते.

एकोणऐंशी. ऐंशी. पुन्हा एकोणऐंशी. धाकटी ताईंच्या तोंडाकडे बघत होती आणि ताई बाळाच्या छातीकडे. मग चौऱ्याऐंशी. माझा विश्वास बसला नाही, मशीनच चुकत असेल म्हटलं. सत्त्याऐंशी. नव्वद. आणि नव्वदच्या पुढे गेल्याबरोबर ताईंनी हात पाठीमागून काढले आणि ऑक्सिजनचं चाक थोडं उलटं फिरवलं. कमी केला. मला काही कळेना, आत्ता कुठे बरं वाटतंय आणि ही काढून घेतेय. पण त्या थोड्या थोड्या वेळाने कमीच करत राहिल्या. नंतर म्हणाल्या, पिशव्या उघडल्या की तिला एवढ्याची गरज नसते, आणि जादा ऑक्सिजन कोवळ्या डोळ्यांना बरा नव्हे. म्हणजे औषध लागू पडलं की सिस्टरने पहिला हात मागे घ्यायचा.

बारा चाळीसला तिला द्यायच्या हवेतला ऑक्सिजन सत्तर टक्क्यांवरून तिशीला आला होता. आणि छाती आत जायच्या ऐवजी वर येत होती. तेवढं मला कुणी सांगावं लागलं नाही.

ताई बाहेर आल्या तेव्हा मी बाकावर बसले होते. त्या शेजारी बसल्या. पाय लांब केले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “पाणी आहे का?” मी बाटली दिली. अर्धी प्यायल्या. मग म्हणाल्या की खरं सांगू का, एकोणऐंशीला पट्टी काढावी असं माझ्याही मनात आलं होतं. मी विचारलं, मग पट्टी काढली का नाहीत. त्या म्हणाल्या, “छाती हलायची थांबली असती तर पट्टी फाडून सक्शन केलं असतं, तास झाला नसता तरी. पट्टी म्हणजे काही देव नाही. ती घाईला आवरायला आहे, डोळे मिटायला नाही. छाती हलत होती, म्हणून थांबले.”

मी म्हटलं, “मी जे बोलले ते…”

“ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “तुझ्या जागी मी असते तर दार फोडलं असतं. सोड.”

मी सोडलं नाही, पण त्यांनी सोडलं. अशा बाईबरोबर भांडणही नीट करता येत नाही.

दुसरा डोस लागला नाही. दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरचा जोर बराच उतरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आता नळी काढून बघू, नाकातून बारीक हवा देऊ, श्वास तिचा ती घेईल. लेकीला चाकाच्या खुर्चीवरून आणलं. तिने तोवर बाळाला एकदाच पाहिलं होतं आणि आवाज तर ऐकलाच नव्हता. जन्मल्याबरोबर रडली होती म्हणतात, पण लेक तेव्हा शुद्धीत कुठे होती. आणि घशात नळी असली की बाळाला आवाज फुटत नाही. तोंड रडायचं, चेहरा लाल व्हायचा, पण ऐकू काही यायचं नाही. दोन दिवस ती तशीच मुकी रडली होती.

त्या दिवशी मला आत घेतलं. ताईंनी नाही, मोठ्या मॅडमनी. दोन मिनिटं, म्हणाल्या.

धाकटीने गालावरची चिकटपट्टी ओली करून हळूच सोडवली. डॉक्टरांनी नळी काढली. नाकात बारीक नळ्या बसवल्या. क्षणभर काहीच झालं नाही. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. बाळाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. छाती वर आली. खाली गेली. पुरी मिटली नाही. पुन्हा वर आली.

आणि आवाज आला. गंजलेल्या बिजागरीचा येतो तसा, घोगरा, तुटका, जेमतेम शेजारच्या बाळाच्या काचपेटीपर्यंत पोचेल एवढा.

लेक म्हणाली, “हा हिचा?” जसं काही खोलीत दुसरं कुणी रडतंय. मग तिला रडू आलं आणि ती म्हणाली, काकू, तिला गप्प करा ना, घसा दुखत असेल.

ताईंनी बाळाच्या डोक्याखालची घडी सारखी केली. “रडू दे जरा,” त्या म्हणाल्या. “रडायला श्वास लागतो. आता आहे तिच्याकडे.”

त्या हात धुऊन पलीकडच्या पेटीकडे गेल्या. तिथे सकाळीच एक नवं बाळ आलं होतं, कण्हत होतं, आणि त्याचा बाप दारात कागदासारखा पांढरा उभा होता. मला जायला सांगितलं होतं, दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. मॉनिटरवरचा आकडा किती होता ते मी बघितलंच नाही. मी नातीचं तोंड बघत होते. ती अजून रडत होती, मध्येच थांबून दम घेत होती, आणि पुन्हा सुरू करत होती.